अखेर एका लाईनमननं ऐकलं

“फुटबॉल पायांनी खेळत नाहीत. फुटबॉल आत्म्यानं खेळतात!”

क्लबचा नवा मॅनेजर म्हणून पहिल्याच पत्रकार परिषदेत तोफनं हे वाक्य टाकलं, वार्ताहरांना ते लिहून घ्यायला पुरेसा वेळ दिला, आणि मग रुबाबात उठायला गेला तो थेट टेबलावर कोसळला. बराच वेळ पायावर पाय टाकून बसल्यामुळे उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. आत्मा जागा होता, पाय झोपला होता. पाण्याची बाटली लवंडली, क्लबच्या अध्यक्षांच्या मांडीवर तळं साचलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आत्मा राहिला बाजूला, फोटो आला तो टेबलाला मिठी मारलेल्या तोफचा.

‘तोफ’ हे नाव त्याला पेपरवाल्यांनीच दिलेलं. खेळत होता तेव्हा त्याचा फटका खरोखरच गोळ्यासारखा सुटायचा. गोलरक्षक आधी बाजूला व्हायचे आणि मग झेप घेतल्याचं नाटक करायचे. संघातले सहकारीही त्याला तोफच म्हणायचे, पण त्यांची कारणं वेगळी होती. तोफेला ओढत न्यावं लागतं, तिच्यात दारू ठासावी लागते, बत्ती दुसऱ्याच कुणीतरी द्यावी लागते, आणि आवाज झाला की नाव मात्र तोफेचं होतं. बाकीचे दहा जण ओढण्यात, ठासण्यात आणि बत्ती देण्यात घामाघूम व्हायचे. तोफ समोरच्या गोलपाशी कमरेवर हात ठेवून उभा असायचा, दवाखान्यात आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

“अरे, मागे ये! जरा बचावाला ये!” गोंद ओरडायचा. गोंद हा त्याच संघातला बचावपटू. समोरच्याला एकदा चिकटला की सुटायचा नाही, म्हणून गोंद.

“मी मागे आलो तर पुढे कोण राहील?” तोफ शांतपणे विचारायचा.

गोंद या प्रश्नाचं उत्तर निवृत्त होईपर्यंत शोधत होता.

असा उभा राहणारा माणूस ऑफसाइड होणारच. ज्यांना फुटबॉल कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या गड्यानं चेंडू पुढे ढकलला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्याही पलीकडे जाऊन उभे असाल, तर तो चोरटेपणा समजतात. लाईनमन झेंडा वर करतो आणि तुमचा गोल रद्द. ज्यांना फुटबॉल कळतो त्यांना हे ठाऊकच आहे. तोफला मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याचे मान्य झालेले गोल पुष्कळ होते. ते तो विसरून गेला. रद्द झालेले मात्र एकूण एक तोंडपाठ. झेंडा वर गेला रे गेला की त्याचा ठरलेला प्रयोग सुरू व्हायचा. उजवा हात आभाळाकडे, डावा छातीवर, चेहरा भर बाजारात पाकीट मारलं गेल्यासारखा, आणि धाव सरळ लाईनमनकडे. चेंडूमागे जो कधी धावला नाही तो लाईनमनमागे जीव तोडून धावायचा. “कसला ऑफसाइड? तो पलीकडचा बघा की! तो मागे राहिलाय! डोळे आहेत की बटणं?” उभ्या कारकिर्दीत किती लाईनमननी हे ऐकून घेतलं असेल, पण मानलं एकानंही नाही.

पुढे गुडघा गेला आणि तोफ घरी आला. इथून त्याच्या बायकोचे वाईट दिवस सुरू झाले. ती दातांची डॉक्टर. दिवसभर तोंड उघडं ठेवून एक शब्द न बोलणारी माणसं बघायची तिला सवय, आणि संध्याकाळी घरात नेमका उलटा प्रकार. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली म्हणजे बचावपटू, लोणच्याची बरणी म्हणजे गोलरक्षक, आणि चमचा म्हणजे तोफ. चमचा ऑफसाइड कसा नव्हता हे तिनं इतक्या वेळा ऐकलं की भाजीत मीठ कमी पडलं तरी ती मागायची नाही. बचावपटू हलवला की सगळं पहिल्यापासून. घर पुरेना तेव्हा तो तिच्या दवाखान्यात जाऊन बसू लागला आणि बाहेर थांबलेल्या पेशंटचं व्यवस्थापन करू लागला. “तुम्ही असे गोळा होऊ नका, पसरा! अक्कलदाढ, तुम्ही डावीकडे!” अक्कलदाढवाले गृहस्थ डावीकडे गेले आणि तसेच दारातून बाहेर पडले, ते पुन्हा आलेच नाहीत.

म्हणून क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा तोफनं विचार करायला एक दिवस मागितला आणि बायकोनं त्याच्या हातातून फोन घेऊन होकार कळवला.

अध्यक्षांचा न्हाणीघराच्या फरशांचा कारखाना होता. खेळाडूंच्या छातीवर फरशीचं नाव, मैदानाभोवती फरशीच्या जाहिराती. फरशी एकदा बसवली की हलत नाही, हे त्यांच्या धंद्याचं ब्रीद. तोफही हलत नाही असं त्यांनी अनेकांकडून ऐकलं होतं, त्यामुळे निवड सोपी गेली.

सहायक म्हणून तोफनं गोंदला बोलावलं. कारण साधं होतं. कुणीतरी धावायला हवं होतं.

सरावाच्या पहिल्या सकाळी तोफनं सगळ्या खेळाडूंना गोलसमोर रांगेत उभं केलं आणि उभं कसं राहायचं ते शिकवलं. वजन कुठल्या पायावर घ्यायचं, हात कमरेवर नेमके कुठे टेकायचे, चेंडू आपल्याकडे न आल्यास कुणाकडे बघून मान हलवायची. गोलरक्षकानं भीत भीत विचारलं, “सर, मीपण?” 

“तू तर दिवसभर तेच करतोस. तुझा पाया पक्का आहे.”

दुपारनंतर तोफ गाडीत बसून निघून गेला की गोंद बचावफळीला घेऊन खरा सराव करायचा. त्याच्याकडे एकच हुकमी अस्त्र होतं, ऑफसाइडचा सापळा. समोरचा चेंडू मारायच्या बेतात असला की गोंदनं हाळी द्यायची, “चला!” आणि चारही बचावपटूंनी एकदम एक पाऊल पुढे टाकायचं. समोरचा आघाडीवीर आपोआप मागे उरतो, झेंडा वर जातो, काम फत्ते. फार शौर्य लागत नाही, फक्त चौघांनी एकाच वेळी हलावं लागतं. त्यातले तिघे हलायचे. चौथा, डाव्या कडेचा, त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणत. सामन्यात तो उशिरा यायचा, कुणाशी ओळख करून घ्यायचा नाही, आणि जेवणाच्या वेळी हजर.

तोफनं हा सापळा पहिल्यांदा बघितला त्या दिवशी त्याचा चेहरा उतरला.

“गोंद्या, तू हे करतोयस? तू? अरे, याच लबाडीनं माझं आयुष्य खाल्लं!”

“तोफ्या, तुझं आयुष्य खाल्लं, आता आपली नोकरी वाचवेल. जरा तिकडे तोंड करून उभा राहा.”

तोफ तिकडे तोंड करून उभा राहिला. सापळा चालला, कारण पार दुसऱ्या कडेला मागे राहिलेला पाहुणा लाईनमनच्याही नजरेत भरत नव्हता. संघ गोल करत नव्हता, कारण पुढचे सगळे कमरेवर हात ठेवून सुरेख उभे होते. पण फारसे खातही नव्हता. बरोबरी, बरोबरी, मध्येच एखादी हार, पुन्हा बरोबरी, असं रडतखडत मोसम सरला, आणि शेवटच्या सामन्याला गणित उरलं ते सोपं. बरोबरी झाली तर क्लब वरच्या गटात राहणार, हरला तर खाली.

अध्यक्षांनी तोफला कारखान्यात बोलावून घेतलं. नमुन्यांच्या फरशांमधून वाट काढत तोफ टेबलापर्यंत पोचला.

“बरोबरी करा तोफसाहेब, खुर्ची तुमची. अगदी पुढच्या वर्षीसुद्धा. पण खालच्या गटात गेलो तर आमच्या जाहिराती बघणार कोण? मग मला जरा विचार करावा लागेल.”

“करा की,” तोफ म्हणाला. अध्यक्षांना विचार करताना त्यानं अजून पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला विशेष भीती वाटली नाही.

भीती वाटली ती बायकोला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर येऊन बसली. मीठ, लोणचं सगळं आधी आत ठेवून आली होती.

“अहो, उद्या बरोबरी करा. जिंकायचं वगैरे मनावर घेऊ नका.”

“मी बरोबरीसाठी जन्माला आलेलो नाही.”

“माहितेय. पण घरी बसण्यासाठी तर नक्कीच आलेला नाहीत. हे बघा, तुम्ही पुन्हा घरी बसलात ना, तर मी दवाखाना दुसऱ्या शहरात हलवीन. पत्ता देणार नाही.”

“एवढं काय वाईट करतो मी घरात?”

“काही करत नाही. नुसते उभे असता. फ्रीज उघडायला गेलं तरी तुमच्या मागून जावं लागतं.”

“म्हणजे तू ऑफसाइड—”

“अहो!”

 मनातून तोफलाही ठाऊक होतं, खुर्ची गेली तर दुसरी कुणी देणार नाही. म्हाताऱ्या आघाडीवीराशी लोक हात मिळवायला येतात, काम द्यायला येत नाहीत. त्या रात्री त्यानं बायकोला वचन दिलं की उद्या तो काही म्हणजे काही करणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं वचन त्याच्या स्वभावाला धरून होतं.

सामना सुरू झाला. पहिला अर्धा भाग कुणालाही आठवणार नाही असा गेला, म्हणजे अगदी ठरल्याप्रमाणे. मध्यंतरात गोंद बोलला, तोफनं मान डोलावली. दुसऱ्या भागात सापळा घड्याळासारखा चालू लागला. गोंद “चला!” म्हणायचा, तिघे चालायचे, झेंडा वर जायचा. प्रेक्षकांत फरशी कारखान्याचे कामगार सक्तीनं आणून बसवले होते, तेही टाळ्या वाजवायला लागले.

तोफचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. समोरच्या संघाचा आघाडीवीर कोवळा, उंच, लांब नाकाचा. तो धावत नव्हता, मागे जात नव्हता, सहकारी ओरडले तरी ढिम्म. नुसता उभा होता, कमरेवर हात ठेवून.

“गोंद्या, पोराला काय जागा कळते बघ!”

“तो त्यांचा आहे, तोफ्या.”

“अरे, पण वजन बघ ना कुठल्या पायावर घेतलंय! हे शिकवून येत नाही.”

“तू वर्षभर तेच शिकवलंस. गप बस.”

सामना संपत आला होता. समोरच्यांच्या गड्यानं मधून लांब चेंडू उचलला. गोंदनं हाळी दिली. तिघे पुढे सरकले. लांबनाक्या आघाडीवीर चेंडूवर पोचला, एक फटका, गोलरक्षक आधी बाजूला झाला आणि मग त्यानं झेप घेतली. चेंडू जाळ्यात. आणि अलीकडच्या कडेच्या लाईनमननं झेंडा वर केला.

ऑफसाइड. गोल रद्द. बाकावरच्या सगळ्यांचा अडकलेला श्वास एकदम सुटला. अध्यक्षांनी रुमालानं कपाळ पुसलं. गोंद डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. लांबनाक्या पोरानं उजवा हात आभाळाकडे नेला, डावा छातीवर ठेवला, आणि...

आणि त्याच्याही आधी तोफ लाईनमनपाशी पोचला होता.

“कसला ऑफसाइड?” उजवा हात आभाळाकडे, डावा छातीवर. गुडघा दुखायचा विसरून गेला होता. “तो पलीकडचा बघा की! तो मागे राहिलाय! डोळे आहेत की बटणं?”

लाईनमन एरवी शाळेत भूगोल शिकवायचा. “सर, मी नव्हतो” म्हणणारी पोरं त्यानं हजारो पाहिली होती आणि त्यातल्या एकावरही विश्वास ठेवला नव्हता. पण स्वतःच्याच विरुद्ध तक्रार घेऊन आलेला माणूस त्याला पहिल्यांदा भेटत होता. तो गडबडला.

“साहेब, तुम्ही... तुम्ही या संघाचे मॅनेजर ना?”

“विषय बदलू नका! पलीकडे बघा!”

लाईनमननं पलीकडे बघितलं. पार दुसऱ्या कडेला, आपल्याच गोलच्या रेषेजवळ, पाहुणा बुटाची नाडी बांधत होता. लाईनमनचा चेहरा पडला. त्यानं मुख्य पंचाला बोलावलं. दोघांची कुजबुज झाली. पंच सरळ पाहुण्याकडे गेला.

“चेंडू मारला तेव्हा तू कुठे होतास?”

हा प्रश्न पाहुण्याला घरी, शाळेत, सरावात, सगळीकडे आयुष्यभर विचारला गेला होता. त्याचं उत्तर त्याच्या ओठावर होतं.

“इथंच होतो, सर! शपथ घेतो, हललोसुद्धा नाही! मी कधीच कुठं जात नाही!”

पंचानं शिट्टी वाजवली आणि मध्यरेषेकडे बोट केलं. गोल मान्य.

तोफनं दोन्ही हात वर केले. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत, एवढ्या मैदानांवर, एवढ्या झेंड्यांनंतर अखेर एका लाईनमननं त्याचं ऐकलं होतं. तो मागे वळला, गोंदला मिठी मारायला हात पसरले. गोंद जागेवरून हलला नाही. त्यानं नुसती मान वळवून गुणफलकाकडे बघितलं. तोफनंही बघितलं. पसरलेले हात हळूहळू खाली आले.

“तोफ्या,” गोंद म्हणाला, “तो खरंच ऑफसाइड नव्हता.”

“तेच तर मी सांगत होतो.”

“हो ना. एकदाच बरोबर बोललास, तेही आज.”

थोड्या वेळात सामना संपला आणि क्लब खालच्या गटात गेला.

ड्रेसिंग रूममध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाहुणा तेवढा खुशीत होता. आपण जागेवर हजर असल्याची नोंद पंचांनी घेतली याचंच त्याला अप्रूप. पत्रकार परिषदेत तोफ खाली मान घालून येऊन बसला. इतक्यात एका तरुण वार्ताहर मुलीनं भारावून विचारलं, “सर, स्वतःच्या संघाचं नुकसान होत असतानाही तुम्ही सत्याच्या बाजूनं उभे राहिलात. हे धैर्य कुठून आलं?”

तोफनं तिच्याकडे बघितलं. पूर्वी गोलसमोर चेंडू आयता पायाशी यायचा तेव्हा जे व्हायचं ते आत्ता झालं. तो धावला नव्हता, त्यानं काही मागितलं नव्हतं, तो नुसता योग्य जागी होता.

“सत्याला संघ नसतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तोच होता, या वेळी टेबलाविना. ‘सत्याचा गोल.’ ‘हरूनही जिंकला.’ एका अग्रलेखात तर पुढाऱ्यांनी तोफचा आदर्श घ्यावा असं लिहिलं होतं. पुढाऱ्यांनी लगेच जाहीर कौतुक केलं आणि आदर्श पेपरातच राहू दिला. शाळाशाळांतून बोलावणी आली. आठवडाभरात तोफची खात्री पटली की लाईनमनकडे धावताना त्याच्या मनात सत्याखेरीज काहीही नव्हतं.

बायकोची नव्हती पटली.

“खरं सांगा हं,” ती म्हणाली, “तो गोल कुणाचा आहे हे तुमच्या लक्षात तरी होतं का?”

“त्या क्षणी गोल कुणाचाच नसतो. तो फक्त न्याय्य असतो किंवा अन्याय्य.”

“म्हणजे नव्हतं.”

“तुला कळणार नाही. आता मला कोण काढणार सांग? सत्यासाठी हरलेल्या माणसाला काढलं तर लोक अध्यक्षांच्या तोंडात शेण घालतील.”

हे मात्र तिला पटलं. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मिठाची बाटली पुन्हा टेबलावर आणून ठेवली.

अध्यक्षांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी तोफचा जाहीर सत्कार ठेवला. क्लबच्या मोठ्या खोलीत लग्नाच्या मांडवात असतात तशा खुर्च्या मांडल्या, फुलांचा भलाथोरला गुच्छ आणला, आणि सन्मानचिन्ह म्हणून कारखान्यातली सगळ्यात महागडी फरशी चौकटीत बसवून घेतली. पहिल्या रांगेत बायको, तिच्या शेजारी गोंद. वार्ताहर होते, कॅमेरे होते.

“अशी माणसं,” अध्यक्ष गहिवरून म्हणाले, “एका क्लबची नसतात. ती अख्ख्या समाजाची असतात. त्यांना एका खुर्चीत डांबून ठेवणं हे पाप आहे. ते पाप माझ्या हातून होणार नाही!”

टाळ्या कडाडल्या. तोफनं नम्रपणे डोळे मिटले. पहिल्या रांगेत बायकोनं मात्र टाळी अर्ध्यावर थांबवली आणि गोंदकडे बघितलं. गोंद छताच्या पंख्याकडे बघत होता.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “दुसऱ्या शहरात दवाखान्याला जागा बघायची असेल तर माझ्या ओळखीचा एकजण आहे.”

तोफ बोलायला उभा राहिला. या वेळी पायाला मुंग्या नव्हत्या. आधीच जपून बसला होता. एका बगलेत फरशी, दुसऱ्या हातात माईक. आवाज असा लागला होता की मागच्या रांगेतले कामगारही डुलक्या घ्यायचे थांबले.

“मित्रहो, पदं येतात, पदं जातात! गट वरचे असतात, खालचे असतात! पण माणसानं आपली जागा सोडायची नसते! मी खेळाडू होतो तेव्हा माझी जागा सोडली नाही! मॅनेजर झालो, जागा सोडली नाही! आणि आज या व्यासपीठावरून सांगतो, जगातली कुठलीही ताकद मला माझ्या जागेवरून...”

इतक्यात क्लबचा दारवान टाचा उचलून व्यासपीठावर आला आणि अदबीनं त्याच्या कानाशी वाकला. कान माईकजवळच होता, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“माफ करा हं साहेब, मधेच बोलतोय. तुमची गाडी तेवढी जरा काढून घेता का? नवीन मॅनेजरसाहेब कधीचे फाटकात खोळंबलेत.”